निळा फ्यूज

कोणी दोन वायरी पिळून त्यावर काळी टेप गुंडाळताना दिसला की श्यामराव ठवकरांच्या कपाळाची शीर उठायची. पस्तीस वर्षं प्लांटच्या इलेक्ट्रिकल शॉपमध्ये काढलेला माणूस. पावर हाउस बाजाराच्या गल्लीतल्या मेकॅनिकांना ते 'टेपवाले' म्हणत, आणि ऐकणाऱ्याला ती शिवीच वाटे. त्यामुळे सून मिताली जेव्हा म्हणाली की गाडीचे लाइट बाजारातूनच पुन्हा लावून घेते, तेव्हा विषय तिथेच संपला.

"बाबा, तुम्ही कावून त्रास करून राहिले? दुकानवाला एक घंटे में कर देगा."

"टेपवाला? पहिल्याच धुक्यात बंद पडन. लाइट मीच लावीन."

मितालीने गाडीची किल्ली खुंटीला परत अडकवली. सोमवारपासून गुंडरदेहीच्या एका शाळेत तिची नोकरी सुरू होणार होती. डिसेंबरचे दिवस, सकाळी सहाला निघायचं आणि बालोद रोडवर धुकं असं की आपलाच हात आपल्याला दिसू नये. गाडी, म्हणजे मोटरसायकल, निखिलची. श्यामरावांचा एकुलता एक मुलगा, मितालीचा नवरा, तीन वर्षांपूर्वी जुलैतल्या एका रविवारी संध्याकाळी पावसात याच बालोद रोडवर, याच गाडीवर अपघातात गेला. रस्त्यात बिनदिव्याची ट्रॉली उभी होती. हँडल वाकलं तेवढंच. गाडीला फारसं झालं नाही. पोलीस ठाण्यातून गाडी परत आल्यावर श्यामरावांनी हँडल सरळ करून घेतलं, बॅटरी काढून भंगारवाल्याला दिली आणि गाडीवर ताडपत्री टाकली. तेव्हापासून ती मागच्या पोर्चमध्ये उभी होती.

सगळ्यांनी ट्रॉलीवाल्याला दोष दिला. श्यामरावांनीही तोंडाने दिला. पण रस्त्यालगतचा चहावाला बाबुलाल तेव्हा एक वाक्य बोलून गेला होता, "छोटी बत्ती जल रही थी भैया, बड़ी वाली दोनों बंद थीं." त्या मोठ्या दोन बत्त्या श्यामरावांनी अपघाताच्या चारच दिवस आधी स्वतःच्या हाताने बसवल्या होत्या. हेडलाइट मिणमिणता म्हणून खास. त्या का लागल्या नाहीत, हे त्यांना तीन वर्षं माहीत होतं असं वाटत होतं, आणि म्हणूनच त्यांनी ती ताडपत्री कधी उचलली नव्हती.

कारण एवढंसं होतं. त्या बत्त्यांच्या वायरी जोडणाऱ्या, पाणी न शिरणाऱ्या कनेक्टरला तीन घरं होती आणि वायरी दोनच. तिसऱ्या, रिकाम्या घराला रबरी बूच लावावं लागतं, नाहीतर तिथूनच पाणी आत जातं आणि बाकीची सगळी कारागिरी फुकट. त्या दिवशी डब्यात बूच नव्हतं. "रविवारी लावून देतो," असं ते निखिलला म्हणाले होते. पुढे लावलं की नाही, हे काही केल्या आठवत नव्हतं. त्या रविवारचं सगळंच पुसलं गेलं होतं. आठवायला बसलं की रात्रीचा फोनच आठवायचा.

आज त्यांची बायको कमलाबाई दुर्गला बहिणीकडे गेल्या होत्या. जेवणं झाल्यावर श्यामरावांनी ट्रंकेतून जुना खाकी शर्ट काढला. मळायच्या कामाचा तो शर्ट, दोन्ही खिशांना झाकण आणि बटण.

"हा शर्ट कावून काढला?" मिताली एकदम म्हणाली. "दुसरा देते नं, थांबा."

"ग्रीस लागन. हाच बरा."

ती दारात उभी राहिली, मग आत निघून गेली.

ताडपत्री उचलली तेव्हा धुळीचा आणि उंदरांचा वास आला. गाडी होती तशीच होती. श्यामरावांनी सीट काढली आणि सवयीने पहिला हात मोठ्या बत्त्यांच्या वेगळ्या फ्यूजकडे नेला. प्लांटमध्ये लाइनीला हात लावायच्या आधी फ्यूज काढायचा आणि स्वतःच्या खिशात टाकायचा. टेबलावर नाही, सोबत्याच्या हातात नाही, स्वतःच्याच खिशात. मग माघारी कोणी स्विच दाबला तरी आपल्या हाताला झटका नाही. ही सवय त्यांच्या अंगात इतकी मुरली होती की घरचा पंखा उघडतानाही मेन फ्यूज खिशात जायचा आणि कमलाबाई अर्धा दिवस अंधारात शिव्या घालायच्या.

पण होल्डर रिकामा होता. ठाण्यातल्या कोणीतरी ढापला असेल, असं म्हणून त्यांनी दोनचार शिव्या हासडल्या. नवी बॅटरी अजून खोक्यातच होती, ओट्यावर. जिथे ती बसायची तो पत्रा रिकामा होता.

बत्त्यांना हात लावायचं टाळून त्यांनी आधी सोबत आणलेल्या नव्या हॉर्नच्या वायरी घेतल्या. आधी वायरीवर रबरी सील ओवायचं, मग टोक सोलायचं, मग त्यावर पितळी टर्मिनल दाबून बसवायचं. सील विसरलं तर टर्मिनल कापून पुन्हा पहिल्यापासून. एक वायर झाली. दुसरीवर सील ओवताना त्यांना वाटलं, ऊन हललं. वर पाहिलं तर ऊन नव्हतंच, आभाळ सकाळपासून भरलेलं होतं. गाडीची डावी बत्ती लागली होती.

अगदी मंद. राखेखालचा निखारा जेवढा दिसतो तेवढी. श्यामराव बघत राहिले. मग, माणूस असल्या वेळी करतो तेच त्यांनी केलं: स्विच बंद केला. तो बंदच होता. त्यांनी मीटर काढला, रिकाम्या होल्डरच्या दोन्ही टोकांना लावला. शून्य. बॅटरी नाही, फ्यूज नाही, आणि आता उजवी बत्तीही लागली. त्यांनी काचेवर तळहात ठेवला. काच विहिरीच्या पाण्यासारखी गार होती.

"हे होऊच शकत नाही," ते स्वतःशी म्हणाले. त्यांचा भुतांवर विश्वास नव्हता, करंटवर होता. आणि करंट तर कुठूनही येत नव्हता. त्यांना सरळ सरळ भीती वाटली, पळून जावंसं वाटलं, पण त्यांनी मीटर पुन्हा लावून पाहिला.

तेवढ्यात जुना हॉर्न वाजला. दोनदा, तोकडा. पीप, पीप.

मिताली धावत बाहेर आली. "बाबा, हॉर्न तुम्ही वाजवला?"

श्यामरावांनी दोन्ही हात वर करून दाखवले. एकात मीटर, एकात पक्कड. फाटकाशी आल्यावर असा दोनदा हॉर्न घरात एकच माणूस वाजवायचा. मितालीने बत्त्या पाहिल्या, बॅटरीचा रिकामा पत्रा पाहिला, आणि तिचा चेहरा कागदासारखा पांढरा झाला.

"बाबा, राहू द्या. चला आत. मी बसने जाते, मले नको ही गाडी."

"थांब," श्यामराव म्हणाले. "मले एक पाहू दे. तीन वर्षं झाली, मी पाहिलंच नाही."

ते गुडघ्यावर बसले. टाकीखाली हात घालून त्यांनी बत्त्यांचा कनेक्टर ओढून बाहेर काढला. त्याचा खटका दाबला, दोन भाग वेगळे केले. बत्त्या तरीही जळत होत्या. तुटलेल्या तारेपलीकडे. श्यामरावांनी कनेक्टर डोळ्यांजवळ धरला. आत ओलाव्याचा डाग नाही, हिरवा गंज नाही. पितळ नव्यासारखं चकचकीत. आणि तिसऱ्या घरात रबरी बूच, घट्ट बसवलेलं.

त्यांच्या तोंडून हुंदका निघाला. "लावलं होतं वं पोरी. लावलं होतं मी." तीन वर्षं छातीवर होता तो दगड उतरला, आणि त्यांना लहान मुलासारखं मोठ्याने रडावंसं वाटलं.

मग ते थांबले. बूच लावलं होतं. म्हणजे त्या रविवारी आपण खरंच गाडीशी बसलो होतो. म्हणजे कनेक्टर उघडला होता. आणि कनेक्टर उघडायच्या आधी आपण, कुठल्याही कामात, आयुष्यात एकदाही न चुकता, काय करतो?

आता आठवलं. अंगात हाच खाकी शर्ट होता. अंगणात शेजारचे सुशीलबाबू लग्नाची पत्रिका घेऊन आले होते. हात पुसून ते उठले, गप्पांत अर्धा तास गेला, आणि मागून निखिलने गाडी काढली. "येतो, बाबा," तो म्हणाला होता. त्यांनी मागे वळूनही पाहिलं नव्हतं.

श्यामरावांचा हात खाकी शर्टाच्या डाव्या खिशाकडे गेला. बटण घट्ट होतं, निघता निघेना. आत दोन बोटं घातली आणि काहीतरी बारीक, टोकदार हाताला लागलं. त्यांनी ते तळहातावर घेतलं. पंधरा अँपिअरचा निळा फ्यूज.

बत्त्या जळत होत्या.

"मिताली," श्यामराव शेवटी म्हणाले. "मी त्याले मारलं. फ्यूज मह्या खिशात होता. तो अंधारात गेला अन् फ्यूज मह्या खिशात होता."

मिताली त्यांच्याजवळ खाली बसली. ती घाबरली होती, पण दचकली नव्हती. श्यामरावांना ते तेव्हा कुठे दिसलं.

"मले माहीत आहे, बाबा."

"काय माहीत आहे?"

"शर्ट मीच धुतला होता, तेराव्यानंतर. खिशात सापडला. फेकायले निघाले होते, पण हाथ नहीं उठा. तुमची वस्तू होती. परत ठेवला अन् बटण लावून दिलं." तिने फ्यूजकडे पाहिलं. "अन् त्याच्या आधीही माहीत होतं. त्यानं रस्त्यातून फोन केला होता. म्हणाला, बाबांनी फ्यूज खिशात टाकला वाटते, मोठे लाइट लागून नाही राहिले. हळू येतो. त्यांले सांगू नको, जीव खातीन स्वतःचा."

तीन वर्षं ही पोर त्यांना रोज सकाळी चहा देत होती. तीन वर्षं समोर बसून जेवत होती. श्यामरावांना तिच्याकडे बघवेना.

"म्हणून दुकानात लावते म्हणत होती मी," मिताली म्हणाली. "तुम्ही उघडाल अन् पाहाल, हेच नको होतं." तिने बत्त्यांकडे पाहिलं. "पण त्यालेच सांगायचं असन आता."

तिने हात पुढे केला. श्यामरावांनी फ्यूज तिच्या हातात दिला. पस्तीस वर्षांत त्यांनी आपल्या खिशातला फ्यूज दुसऱ्याच्या हातात कधी दिला नव्हता. मितालीने सीटखाली वाकून रिकामा होल्डर शोधला आणि अंगठ्याने फ्यूज आत दाबला. टक् असा आवाज झाला.

आणि दोन्ही बत्त्या विझल्या.

पोर्चमध्ये नुसती ढगाळ दुपार उरली. श्यामरावांनी काचेला हात लावला. आता ती कोमट होती. गाडी वापरून कोणी नुकतंच घरी आल्यावर असते तेवढी. त्यांनी हात तसाच ठेवला, काच पुन्हा गार होईपर्यंत.

मग त्यांनी कनेक्टर जोडला, ओढून पाहिला, आणि मितालीने खोक्यातून नवी बॅटरी आणून दिली. तिने स्विच दाबला. लख्ख उजेड पडला, साधा, बॅटरीचा.

"सोमवारी निघशील तवा," श्यामराव म्हणाले, "आधी मह्यासमोर लाइट लावून दाखवजो."

"रोज दाखवीन, बाबा."

ती हत्यारं गोळा करू लागली. श्यामराव उठले, आणि उठता उठता सवयीने त्यांचा हात शर्टाच्या खिशावर गेला. खिसा रिकामा होता. तरी त्यांनी आत बोट घालून पुन्हा एकदा पाहिलं.