तीनशे अठ्ठेचाळीस पावलं

या, असे पुढे सरका. मागं खांबाला टेकून बसलं की डोळा लागतो, आणि आजच्या गोष्टीत डोळा लागून चालायचं नाही. गोष्ट राजाची नाही, लढाईची नाही. एका बाईच्या पावलांची आहे, आणि ती पावलं तिनं घरात आसनावर बसल्याबसल्या टाकली. किती, तेही आत्ताच सांगून टाकतो. तीनशे अठ्ठेचाळीस. एकदा तोंडानं अमिताभ बुद्धाचं नाव घ्या, नामानदाबु म्हणा आणि ऐका.

हिमीच्या बंदरावर मासळीचं शीतगृह आहे. तिथं त्सुनेओ इसोबे यांनी छत्तीस वर्षं खोकी ढकलली. आत इतकी थंडी, की तोंड उघडलं तर दात ठणकतात. त्यामुळे तिथली माणसं मुकी होतात, आणि त्सुनेओ तर जन्मापासून कमी बोलणारे. घरी यायचे, कालवण-भात जेवायचे, पेपर उघडायचे. मूलबाळ नव्हतं. बोलायचं काम किनुएबाई एकट्या करायच्या, दोघांच्याही वाटचं.

या किनुएबाईंना एकच नाद. हातात मावेल एवढं खेळाचं यंत्र. त्यात एक गोदाम दिसतं, छतावरून डोकावून पाहावं तसं. आत एक चिमुकला हमाल, काही खोकी आणि जमिनीवर तितक्याच खुणा. हमालानं एकेक खोकं एकेका खुणेवर न्यायचं. ढकलता येतं, ओढता येत नाही. एका वेळी एकच. आणि खोकं कोपऱ्यात गेलं, की खुद्द बुद्ध आले तरी ते बाहेर निघत नाही, पहिल्यापासून सुरुवात.

त्सुनेओंनी आयुष्यात बायकोची थट्टा केली असेल तर याच गोष्टीवरून. म्हणायचे, मी दिवसभर खरी खोकी ढकलून येतो आणि तू घरी बसून खोटी ढकलतेस, या घराला खोक्यांचा शापच आहे. त्यावर बाईंचं उत्तर ठरलेलं. "ढकलायला काय, बैलही ढकलेल. तुम्ही पावलं किती टाकता ते मोजलंत का कधी?"

कारण खरी मेख तिथंच होती. कोडं सुटणं ही एक गोष्ट आणि कमीत कमी पावलांत सुटणं ही दुसरी. ओसाकाला कुगिमिया नावाचे एक मास्तर, गणित शिकवून निवृत्त झालेले. ते दर महिन्याला या खेळाचं एक पत्रक काढायचे आणि देशभरातल्या ऐंशी-नव्वद वेड्यांना पाठवायचे. पत्रकात कोड्यांची यादी. प्रत्येक कोड्याला एकच ओळ: क्रमांक, आजवरची सगळ्यांत कमी पावलं, आणि ती टाकणाऱ्याचं नाव-गाव. कोणी त्याहून कमी पावलांत वाट काढून कार्डावर लिहून धाडली, की जुनं नाव पुसायचं, नवं घालायचं. बरोबरी झाली तर आधीचं नाव राहायचं. ओळीत दोन नावांना जागा नाही.

सदतिसाव्या कोड्यापुढं अकरा वर्षं एकच ओळ होती. तीनशे अठ्ठेचाळीस, किनुए इसोबे, हिमी.

गावात हे कोणालाही ठाऊक नव्हतं. दुपारी काय करता म्हणून बायकांनी विचारलं, तर बाई सांगायच्या, विणते हो काहीबाही.

गेल्या वसंतात, खाडीत चमकत्या माखुलांचा हंगाम ऐन भरात असताना, किनुएबाईंच्या डोक्यातली शीर फुटली आणि दोन दिवसांत खेळ आटोपला. मठाच्या महाराजांनी, गेलेल्याला देतात तसं, त्यांना धर्मनाम दिलं, शाकु म्योकेन. किनुए या नावात रेशमाचं जे अक्षर आहे, तेच महाराजांनी या नावात घेतलं. वाचायचं वेगळं, अक्षर तेच. त्सुनेओंना ते फार आवडलं. घरातल्या देव्हाऱ्यात त्या नावाची पट्टी लावली आणि रोज सकाळी पहिला भात तिच्यापुढं ठेवायला लागले.

नगरपालिकेला कळवलं, बँकेला कळवलं, टेलिफोनवाल्यांना कळवलं. कळवलं नाही ते फक्त कुगिमिया मास्तरांना. महिन्याच्या पाच-सहा तारखेला एक लिफाफा पडायचा, 'किनुए इसोबे यांस.' तिच्या नावानं घरात येणारं तेवढंच उरलं होतं. कळवलं आणि ते थांबलं तर? आणि यादीतून नावच काढलं तर?

उन्हाळा लागला तसं घर अंगावर यायला लागलं. बोलणारी गेली, आणि आपल्याला बोलता येत नाही हे त्सुनेओंना सत्तराव्या वर्षी कळलं. एक दिवस त्यांनी तिची वही काढली. सदतिसाव्या कोड्याची वाट तिनं बाणांनी लिहून ठेवली होती: वर, वर, डावीकडे, खाली. त्यांनी यंत्र चालू केलं आणि बाण बघून एकेक कळ दाबत गेले. पहिल्या दिवशी दोन तास लागले, सात वेळा चुकले. मग रोजचाच नेम झाला. देव्हाऱ्यापुढं भात ठेवायचा, नामस्मरण करायचं आणि तिच्या पावलावर पाऊल टाकून तीनशे अठ्ठेचाळीस चालायचं. श्रावकहो, पावलावर पाऊल टाकणं आपण कीर्तनात शंभरदा ऐकतो. हा माणूस ते अंगठ्यानं करत होता. चालता चालता बायको नव्यानं कळत गेली. ती कुठं लांबून वळसा घेते, कुठं घाई करते, कुठं एक खोकं मुद्दाम अर्ध्यावर सोडून पुढं जाते. चाळीस वर्षांत एवढं लक्ष देऊन त्यांनी तिचं बोलणंही ऐकलं नव्हतं.

ऑक्टोबरात वही लागेनाशी झाली. बाण पाठ झाले होते. आणि अशाच एका सकाळी, हमाल वरच्या कोपऱ्यातून खाली परत येत असताना त्यांचा अंगठा चुकला.

चुकला म्हणजे काय? शीतगृहात मुकादमाचा एक नियम होता, छत्तीस वर्षं कानात भिनलेला: रिकाम्या हातानं परत फिरायचं नाही. गेलास तसा येताना वाटेतलं काही तरी पुढं लोट, त्याची पाळी असो वा नसो. बाईंनी गोदामात कधी पाऊल टाकलेलं नव्हतं. त्यांचा हमाल त्या जागी रिकामा परत यायचा. त्सुनेओंचा हमाल चौथ्या खोक्याच्या मागून वळला आणि येताना त्याला एक घर पुढं लोटून आला. तेवढ्यानं शेवटचा मोठा वळसा वाचला. सगळी खोकी खुणांवर बसली तेव्हा कोपऱ्यात आकडा होता तीनशे बेचाळीस.

त्यांनी तीनदा चालून पाहिलं. तीनशे बेचाळीस.

आनंद म्हणाल तर नाही झाला. बायकोच्या माहेरची बरणी हातून फुटावी तसं झालं.

नऊ दिवस त्यांनी ते मनात ठेवलं. पण मन स्वस्थ बसेना. मला चार महिन्यांत सापडलं, तर उद्या साप्पोरोत नाहीतर क्यूशूत कोणाला तरी सापडणारच. मग तिच्या ओळीत परक्याचं नाव येईल. त्यापेक्षा तीनशे बेचाळीस तिच्याच नावानं पाठवावं म्हणजे जागा धरून राहील. पण 'किनुए' अशी सही करायची तर ती हयात आहे असं म्हटल्यासारखं होईल, आणि खोटं तर बोलायचं नाही. विचार करता करता नजर देव्हाऱ्यातल्या पट्टीवर गेली. तिचं आजचं खरं नाव तेच नव्हे का? त्यांनी कार्डावर सगळी वाट बाणांनी लिहिली आणि खाली घातलं: शाकु म्योकेन, हिमी. खोटंही नाही, आणि नाव तिचंच. समाधानानं पेटीत टाकून आले.

नोव्हेंबरचा लिफाफा आला. सदतीस, तीनशे बेचाळीस, शाकु म्योकेन, हिमी. आणि खाली मास्तरांनी मजेत लिहिलं होतं, की हिमीच्या कुठल्याशा मठातले साधूबुवा आपल्या खेळात उतरले आहेत आणि त्यांनी पहिल्याच फटक्यात अकरा वर्षांची गादी खाली केली. इसोबेबाई, गप्प का? उत्तर येऊ द्या, वाट पाहतो.

आता मास्तरांचा तरी काय दोष? आपल्याकडं शाकु म्हणून नाव जसं गेलेल्याला मिळतं, तसं दीक्षा घेतलेल्या जित्या माणसालाही मिळतं. कार्डं मेलेली माणसं लिहीत नाहीत. त्यांनी हिशेबानं साधू धरला. आणि त्सुनेओंनी पाहिलं, की बायकोच्याच एका नावानं तिचं दुसरं नाव पुसून टाकलंय, आणि ते कार्ड आपल्या हातचं आहे.

त्यांनी फोन केला. कित्येक महिन्यांत त्यांनी कोणालाही आपणहून फोन केला नव्हता.

"हिमीहून इसोबे बोलतोय."

"अरे वा, म्हणजे बाईंचे यजमान!" मास्तर पक्के ओसाकाचे, बोलायला लागले की पूरच. "द्या, द्या त्यांना. रुसल्यात ना माझ्यावर? सांगा, त्या साधूला असा सोडायचा नाही म्हणावं."

"ती नाही."

"बाजारात गेल्यात?"

"एप्रिलमध्ये गेली."

पलीकडं मास्तरांनी हलकेच नामस्मरण केलं. त्सुनेओंना तेवढ्यात सांगून टाकायचं होतं, नाहीतर जमलं नसतं. साधू वगैरे कोणी नाही, ते तिचंच नाव आहे, मठातून मिळालेलं, असं त्यांनी सांगितलं.

"मग ही वाट कोण चाललं?"

"मी. पण बहुतेक पावलं तिचीच आहेत. मधली थोडी माझी."

मग त्यांनी मागणं मागितलं. ते कार्ड फाडून टाका, मास्तर, आणि जुनी ओळ होती तशी लावा. मास्तर मऊ माणूस, पण मास्तरच. म्हणाले, कार्ड फाडीन हो, पण मी ते चालून पाहिलंय. बेचाळीसमध्ये जाता येतं हे ठाऊक असताना अठ्ठेचाळीस सगळ्यांत कमी असं कुठल्या हातानं लिहू? मग त्यांनी एक गोष्ट सांगितली. सहा वर्षांमागं एकोणतिसाव्या कोड्यात त्यांच्याच मोजणीत चूक झाली आणि किनुएबाईंचं नाव वर लागलं. बाईंनी जलद टपालानं कळवलं, की आकडा दोननं चुकलाय, माझं नाव आधी काढा. "त्यांनी मला झापलं असतं, इसोबेसान. तुम्हालाही."

त्सुनेओंना ही गोष्ट ठाऊक नव्हती. तिनं सांगितलीही असेल. ते पेपर वाचत असतील.

"मेलेल्या माणसाचं नाव चालत नाही का तुमच्यात?"

"मेलेल्याचं चालतं. न चाललेल्याचं चालत नाही." मास्तरांचा आवाज खाली आला. "ही पावलं ज्यानं टाकली त्याचं नाव सांगा."

बाहेर बंदरावर कुरव पक्षी ओरडत होते. त्सुनेओ म्हणाले, "त्सुनेओ इसोबे." आपलंच नाव, पण तोंडातून निघताना परक्याच्या घरात शिरल्यासारखं वाटलं त्यांना.

डिसेंबरचं पत्रक आलं. सदतीस, तीनशे बेचाळीस, त्सुनेओ इसोबे, हिमी. मास्तरांनी भलेपणानं लिफाफ्यावरचं नावही बदललं होतं.

त्या सकाळी त्यांनी तिची वाट चालायला घेतली. वरच्या कोपऱ्यातून परततानाच्या जागी अंगठा ऐकेना. एकदा जवळची वाट कळली, की ती विसरता येत नाही. चौथं खोकं आपोआप पुढं सरकायचं. चार वेळा तसं झालं. मग त्यांनी यंत्र बंद करून तिच्या वहीवर ठेवलं.

त्याच आठवड्यात मठात वार्षिक कीर्तन होतं. महाराज त्या दिवशी असे गायले, की म्हाताऱ्या हुंदके देऊन रडल्या आणि मग तितक्याच भुकेनं पंगतीला बसल्या. मी तेव्हा त्या मठात सेवेला, वाढायलाही मीच होतो. लाल घेवड्याची उसळ आणि मुळा. त्सुनेओ एका टोकाला बसले होते. शेजारी किनुएबाईंच्या मैत्रिणी, तोंडानं तिखट, मनानं बऱ्या. आणि हा माणूस, ज्याला कोणी चार शब्द सलग बोलताना पाहिलं नव्हतं, तो वाटी खाली ठेवून म्हणाला, की किनुए विणत नव्हती. ती एक खेळ खेळायची, आणि त्यात ती अकरा वर्षं अख्ख्या देशात पहिली होती.

कोळणींची म्होरकी यासोएबाई म्हणाली, "तरीच. अकरा वर्षं विणतेय, आणि हिवाळ्यात नवऱ्याच्या गळ्यात मफलर बाजारचाच."

हशा पिकला. त्सुनेओही थोडे हसले. कोणी तरी विचारलं, खेळ कसला हो? ते सांगायला लागले, गोदाम असतं, त्यात एक हमाल असतो, ढकलता येतं पण ओढता येत नाही. तोवर लोणचं फिरायला लागलं, यंदा जाळ्यात मासा कसा कमी आहे यावर बोलणं गेलं, आणि त्यांचं वाक्य तसंच राहिलं. त्यांनी पुन्हा वाटी उचलली. जेवून सगळ्यांच्या आधी उठले, पादत्राणं घातली आणि बंदराच्या कडेकडेनं एकटेच घराकडं गेले. मी दारात उभा राहून पाहत होतो. त्यांनी एकदाही मागं वळून पाहिलं नाही.

तर श्रावकहो, आता मागायचं ते मागतो. धर्मनामाची काळजी करू नका, ते अमिताभाच्या घरी लिहिलेलं आहे. पण इथल्या यादीत एकाच नावाची जागा असते आणि तिथलं जुनं नाव पुसलं गेलंय. ते तुम्ही मनात लिहून घ्या. उद्या सकाळी दिवा लावाल, तेव्हा आपल्या माणसांबरोबर तिचीही आठवण करा: किनुए इसोबे, हिमीची. तीनशे अठ्ठेचाळीस.