आबिदाचं दगडफूल

दगडफूल म्हटलं की लोकांना गोडा मसालाच आठवतो, आणि माझं डोकं फिरतं. अहो, बुरशी आणि शेवाळ एकमेकांच्या आधाराने दगडावर वर्षानुवर्षं जगतात, ते आहे ते! पण हे ऐकून घेणारी एकच होती, आबिदा. आम्ही दोघी वाशीला कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचो. रिटायर झाल्यावर पारसिकच्या डोंगरातल्या बंद खाणींतून छिन्नी-हातोडी घेऊन दगडफुलं गोळा करत हिंडायचो. दोन्हीकडे कापलेले कडे, मध्ये नुसती धूळ आणि ऊन. आबिदा म्हणायची, "माला, इथं यायला आपण दोघीच येड्या."

शेवटच्या फेरीत तिला एका कड्यावर राखाडी, काळ्या काठाचं दगडफूल मिळालं. आमच्या एकाही पुस्तकात ते बसेना. दिवाळीनंतर आबिदा गेली. पुण्याच्या तज्ज्ञांना मी फोटो पाठवले, तर ते म्हणाले, "नमुना पाठवा. नवीन निघालं तर बाईंचंच नाव देऊ." त्यानंतर मला दुसरं काही सुचत नव्हतं.

कुरियर करायच्या आधी नमुना पाकिटातून काढून जेवणाच्या टेबलावर, पेपरावर हवेला ठेवला. शेजारी धणे, खोबरं, तीळही काढून ठेवले होते. समोरच्या घरातली स्मिता दर चैत्रात तिच्याबरोबर माझाही मसाला करते. माझी किल्ली तिच्याकडेच असते.

मी खोकं आणायला गेले. परत आले तर मजलाभर घमघमाट.

"मावशी, तुमचाही उरकला!" स्मिता खुशीत म्हणाली. "दगडफूल कमी पडत होतं, पण तुमच्या टेबलावर होतंच की. छान भाजलं."

"अक्कल गहाण टाकलीस का गं? चालती हो!" मी किंचाळलेच. तिला काही कळेना. डोळे पुसत गेली बिचारी. किल्ली टेबलावर ठेवून गेली.

दुसऱ्या दिवशी तडक खाणीवर गेले. कडाच नव्हता. तिथं टॉवरचा पाया खणत होते, वॉचमनने पत्र्याच्या आतही सोडलं नाही. घरी येऊन पुण्याला कळवलं, नमुना नष्ट झाला. कसा, ते लिहायची लाज वाटली.

मसाला फेकायला हात धजेना. संध्याकाळी त्याचीच आमटी केली. आणि काय सांगू, झकास झाली! आबिदा असती तर हसून हसून तिला ठसका लागला असता. "माला, शेवटी मला आमटीत घातलंस ना!" मीच मोठ्याने म्हणाले आणि हसले. मग ताट बाजूला सारून ढसाढसा रडले.

पातेल्यात पुष्कळ उरली होती. वाटीभर झाकून स्मिताच्या दारापर्यंत नेली. आत टीव्ही चालू होता, सगळी जेवायला बसली असावीत. बेल न दाबताच वाटी परत घेऊन आले.