ढमीची सरकलेली अक्षरे

मी एक जुनी, दारावरची नावाची पाटी आहे. मित्रांनो, आधी सरळ बसा. मी स्वतः कधी तिरकी लटकले नाही आणि दुसऱ्याने रेलून बसलेले मला खपत नाही.

सुताराने मला जाड फळीतून कापले आणि माझ्यावर पितळी अक्षरे बारीक खिळ्यांनी ठोकली. अशी ठसठशीत पाटी साऱ्या गल्लीत नाही, असे पोस्टमन म्हणे. पुढे दाराला नवा रंग लागला आणि मला चपलांच्या कपाटामागे टाकण्यात आले. त्या दिवसांविषयी मी बोलत नाही.

घरात नात जन्मली तेव्हा आजोबांनी मला झाडूनपुसून पुन्हा दारावर चढवले. सुताराने तिचे नाव माझ्या खालच्या ओळीत असे ऐसपैस बसवले, की जणू या घरात पुन्हा पाळणा हलणारच नाही. ते नाव मी आल्यागेल्याला दाखवतेच. घरात मात्र तिला ढमी म्हणतात.

ढमी शाळेत जाऊ लागली आणि तिला भाऊ झाला. आईवडिलांनी त्याच्यासाठी एक नाव केव्हापासून मनात धरले होते. आत्याबाईंनी ते ऐकून नाक मुरडले. नाव गोड आहे, पण बहिणीच्या नावाशी जुळत नाही. एकाचे तोंड पूर्वेला, दुसऱ्याचे पश्चिमेला. तेव्हा ढमीचेच बदलावे, लहान आहे, विसरून जाईल, असा त्यांनी निकाल दिला. थोरल्या बहिणीपुढे वडिलांची जीभ रेटेना. सुतार पक्कड घेऊन स्टुलावर चढला.

तेवढ्यात ढमी त्याच्या हत्यारांच्या पेटीवर उभी राहिली आणि तिने दोन्ही तळवे माझ्यावर दाबून धरले. इवलेसे हात, निम्मे नावही झाकेना.

"माझं नाव मी वापरलंय," ती म्हणाली. "बाळाचं अजून कोरं आहे. बदलायचं तर ते बदला."

पक्कड थांबली. मुलगी फार तोंडाळ झाली आहे, असे आत्याबाई म्हणाल्या. आजोबांनी मात्र उंबऱ्यात उभे राहून दोन्ही नावे एका दमात हाकारली.

"पाहा बाबा," आत्याबाई म्हणाल्या, "दोन वेगळ्याच माणसांना हाक मारल्यासारखं वाटतं."

"मग आहेतच की दोन," आजोबा म्हणाले.

आत्याबाईंना हसू आवरेना आणि बाळाचे आईवडिलांच्या मनातलेच नाव तिथे ठरले. अडचण उरली जागेची. ओळीत बोटभरही फट नाही, असे सुतार म्हणाला. ढमीने थोडा विचार केला.

"माझी अक्षरं जवळजवळ बसवा," ती म्हणाली, "म्हणजे तो मावेल."

आज एका ओळीत दोघे दाटीवाटीने बसले आहेत. ढमीच्या जुन्या खिळ्यांची भोके अजून दिसतात. ती दाखवून ढमी पाहुण्यांना ऐटीत सांगते, "आधी मी इथपर्यंत होते."

मित्रांनो, आपल्या दारावरची पाटी अधूनमधून पुसत जा. पितळ काळवंडले की घर झोपाळू दिसते. आणि कोणी नवे आले, तर जुन्याचे अक्षर उपटू नका. थोडे सरकून घ्या. फळी पुरते, हे मी अनुभवाने सांगते.