एका बाटलीतले दोन कोळी

गुहेतल्या वाटाड्याचं ते पत्र येऊन चौदा वर्षं झाली होती. वहीतून फाडलेलं पान, पेन्सिलीतलं मोठं अक्षर. कोळीबुवांना ते अजून तोंडपाठ होतं.

‘सर, तुमचा लेख वाचला. नराला डोळे आणि मादी आंधळी, असं लिहिलंय. पण ती जोडी नाही. त्या दिवशी बाटल्या संपल्या, म्हणून मी दोघा कोळ्यांना एकाच बाटलीत टाकलं. नर गुहेच्या तोंडाशी उजेडात सापडला, मादी पार आत, पाण्यापलीकडे. माझं चुकत असेल तर कळवा.’

कोळीबुवा हे नाव संग्रहालयातल्या लोकांनी ठेवलेलं. निवृत्त होईपर्यंत तीस वर्षं त्यांनी तिथे मायक्रोस्कोपला डोळा लावून कोळ्यांच्या जाती ठरवल्या. माणसांसमोर मात्र जीभ टाळ्याला चिकटायची. त्या एका शोधापुरत्या त्यांना भर सभेत टाळ्या मिळाल्या. एकाच जातीत नर डोळस, मादी आंधळी! असं कोणी पाहिलं नव्हतं. पाहणार कुठून? तसं काही नव्हतंच.

पत्र आलं त्याच दुपारी त्यांनी बाटली काढून दोघांच्या पायांवरचे काटे मोजले. जुळेनात; जाती दोन होत्या. मग पत्राची घडी घालून ती शब्दकोशात ठेवली. उद्या लिहू, म्हणाले. उद्याचा महिना झाला आणि पुढे तर लिहायचीच लाज वाटू लागली.

आज सकाळी संग्रहालयातल्या नव्या बाईंचा फोन आला. गुहेतल्या कोळ्यांची यादी त्या नव्याने करत होत्या.

“तुमचा वाटाड्या भेटला होता, सर. बाटल्या दिल्या तर हातच लावेना. म्हणतो, एकदा सरांची चूक काढायला गेलो, त्यांनी उत्तरसुद्धा दिलं नाही. म्हणजे आपलीच नजर कच्ची. कसली चूक हो?”

“आठवत नाही,” कोळीबुवा म्हणाले आणि फोन ठेवला.

समोर बायको मटार सोलत बसली होती. “काय आठवत नाही? तुम्हाला चाळीस वर्षांपूर्वीच्या किड्याच्या पायावरचे केस आठवतात!”

एरवी ते म्हणाले असते, ‘किडे नव्हेत गं, कोळी.’ आज ते उठून कपाटाशी गेले. तिचा हात थांबला. मग त्यांनी शब्दकोश काढला आणि ते पान तिच्यापुढे ठेवलं.

तिने दोनदा वाचलं. “हे बरोबर होतं?”

“हो.”

“आणि तुम्हाला कळलं होतं?”

“त्याच दिवशी.”

“अहो, टाळ्या तुम्ही घेतल्यात आणि तो बिचारा स्वतःच्या डोळ्यांवर संशय घेत बसला.”

“आता कोणत्या तोंडाने लिहू?”

“तोंडाने कशाला? हाताने लिहा,” ती म्हणाली आणि मटारांचं ताट उचलून टेबल मोकळं करून दिलं.

पहिला खर्डा चार पानी झाला. त्यात आजारपण, कामाचा व्याप, बदललेले साहेब, सगळं होतं. फक्त चूक नव्हती. तो फाडला. दुसऱ्यात त्यांनी लिहिलं, की आंधळ्या जातीला तुमचं नाव देतो. वाचताना त्यांचे कान तापले. ही तर सरळ लाच! तोही फाडला. तिसऱ्यात एवढंच उरलं:

‘तुमचं बरोबर होतं. तुमचं पत्र आलं त्याच दुपारी मला ते कळलं. टाळ्या जातील म्हणून मी गप्प बसलो. कोळी दोन वेगळ्या जातींचे आहेत आणि ते तुम्ही ओळखलंत, असं मी आज मासिकाला लिहितो आहे. तुमची नजर कच्ची नव्हती.’

निघण्याआधी त्यांनी नव्या बाईंना फोन केला. “मघाशी मी खोटं बोललो,” एवढं म्हणेपर्यंत घाम फुटला. पण पुढचं सगळं सांगितलं. मग बाई म्हणाल्या, “ती बाटली मी पुन्हा तपासायला काढून ठेवते, सर.” आवाज कोरडा होता. कोळीबुवांना तो रास्तच वाटला.

पोस्टात मासिकाचं पत्र त्यांनी पेटीत टाकलं आणि वाटाड्याचं खिडकीत दिलं. पलीकडच्या कारकुनाने पाकीट उलटंपालटं केलं.

“साधं पाठवू, आजोबा? का घाई आहे?”

“चौदा वर्षं उशीर झालाय.”

कारकुनाने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. “मग रजिस्टर करा. मिळाल्याची सही तरी येईल.”

कोळीबुवांनी मान डोलावली. कारकुनाने शिक्का मारला आणि पाकीट मागच्या पोत्यात टाकलं.