शुभ्रसम्राटाचा पांढरा

कधीकाळी कुठल्याशा वर्तमानपत्राने या चित्रकाराला 'शुभ्रसम्राट' म्हटलं, आणि तेव्हापासून हा गृहस्थ घरातसुद्धा सिंहासनावरून खाली उतरला नाही. देव माणसाला हात देतो, नजर देतो, वर मूठभर कीर्तीही देतो. पचवायची मात्र ज्याची त्याने. सम्राटांना तिचं अजीर्ण झालं होतं.

त्यांचा जप एकच, झिंक व्हाइट, म्हणजे जस्ताचा पांढरा रंग. बाकीचे पांढरे रंग पिवळे पडतात, काळवंडतात, काही तर विषारी. झिंकचा पांढरा चांदण्यासारखा राहतो. तेवढं खरंही होतं. म्हणून कॅनव्हासवर पहिला हात झिंकचा, चेहऱ्यावरचा उजेडही झिंकचाच. फोटोचा मात्र त्यांना विटाळ. "चेहरा यंत्राने टिपायचा म्हणजे उसनं बाळंतपण," असं म्हणून त्यांनी घरात कॅमेरा येऊ दिला नाही. त्यामुळे लेक तापाने गेली तेव्हा आईजवळ तिचा चेहरा म्हणून उरलं ते सम्राटांनी काढलेलं हे एकच चित्र. खिडकीशी बसलेली, पांढरा फ्रॉक, ओठांत दाबलेलं हसू.

आता त्या चित्राचे पोपडे सुटत होते. केर काढण्याआधी आई त्याच्याखालची फरशी न्याहाळायची आणि सापडलेल्या पांढऱ्या टिकल्या औषधाच्या रिकाम्या डबीत जपून ठेवायची. शेवटी तिने नवऱ्याला न विचारता बहिणीच्या मुलीला बोलावलं. जुनी चित्रं वाचवणं हाच तिचा पेशा.

भाचीने बाजूने बॅटरीचा उजेड पाडला आणि चित्राच्या कडेला डोळा लावून पाहिलं.

"गालाखाली पोकळी झालीय, मावशी. काका, हे तुमच्या झिंकमुळे. रंगातल्या तेलाशी मिळून त्याचा हळूहळू साबण बनतो, थर काचेसारखा कडक होतो आणि वरचा रंग धरून ठेवत नाही."

"साबण!" सम्राट खदखदून हसले. "अगं, मग चित्राला फेस का येत नाही?"

"तो माझ्याच तोंडाला आलाय इतकी वर्षं," मावशी म्हणाली.

"तू मध्ये बोलू नकोस. हवा दमट आहे. शिवाय हिने ओलं फडकं फिरवलं असणार."

"मी साधी फुंकर घालत नाही हो त्याच्यावर."

"काका, ऐका ना. चित्र आडवं ठेवून वर पातळ कागद चिकटवते आणि घेऊन जाते. चेहरा वाचेल. फक्त आता कुणी हात लावू नका."

हात लावू नका! सम्राटांना! पाहुणा आला की चित्रामागे हात घालून कॅनव्हासवर टिचकी मारायची, ही त्यांची जुनी खोड. टण्ण आवाज व्हायचा, हे म्हणायचे, "बघा, अजून किती ताठ!" आणि पाहुणे माना डोलवायचे. तो ताठपणा हाच रोग आहे, हे सांगायची कुणाची छाती झाली नव्हती.

"रोगी चित्र असं वाजतं होय? ऐक, पोरी."

"काका, नको!"

टण्ण.

डावा गाल आणि अर्धा ओठ फरशीवर आला. हसू गेलं.

"दमट हवा," सम्राट पुटपुटले.

मावशी गुडघ्यांवर बसली. एकेक तुकडा तिने ओल्या बोटाने नाही, कागदाच्या कडेने उचलला आणि डबीत घातला. मग मान वर केली.

"तुम्हाला कुणी चुकलात म्हणालं नाही, म्हणून तुम्ही बरोबर ठरलात. एवढीच तुमची कला. जेवण झाकून ठेवलंय. गिळा, आणि माझ्या लेकीपासून लांब राहा."

भाचीने चित्राकडे पाहिलं, मग डबीत डोकावली. "डोळे शाबूत आहेत, मावशी. हे तुकडे बसवेन. पण सांधे दिसतील."

"दिसू देत. मला माझी पोर हवीय, गुळगुळीत कुठे हवीय?"

दोघींनी चित्र हलकेच फळीवर आडवं केलं, झोपलेलं मूल उचलावं तसं उचललं आणि पाय न वाजवता चालू लागल्या.

"माझी सही सांभाळा हं!" मागून आवाज आला.

"ती काळ्या रंगात आहे, तिला धाड भरली नाही," मावशी मागे न बघता म्हणाली. "उभे काय राहिलात? दार धरा."

आणि शुभ्रसम्राटांनी, जन्मात पहिल्यांदा, कुणासाठी तरी दार धरलं.