नऊ रंगांतला जांभळा

मनवेलपाड्यातल्या स्नेहदीप सोसायटीत वसुंधराबाई पाटणकरांशी वाद घालायची हिंमत फक्त एका टँकरवाल्याने केली होती, आणि तीही एकदाच. बाईंना स्तनाचा कॅन्सर झाला तेव्हा लोकांनी कुजबुजायच्या आत त्यांनी तो स्वतःच सगळ्यांना सांगून टाकला. केस गेले तर डोक्याला काहीही न गुंडाळता तशाच भाजी घ्यायला खाली उतरल्या. भाजीवाला बघत राहिला, तसं म्हणाल्या, "बघतोस काय? मेथीची जुडी दे. लपवायला मी काय चोरी केलीय?" पुढे केस परत आले, आधीपेक्षा कुरळे आले, आणि त्यांचं ते वाक्य सोसायटीत म्हणीसारखं रुळलं.

त्यामुळे नवरात्रात रिबिनींचा कार्यक्रम करायचं दुसऱ्या मजल्यावरच्या अश्लेषाच्या डोक्यात आलं, तेव्हा ती थेट त्यांच्याकडेच आली. अंधेरीला तिच्या ऑफिसात ऑक्टोबर लागला की सगळे छातीवर गुलाबी रिबीन लावायचे. स्तनाच्या कॅन्सरची ती खूण. आपल्याकडच्या बायकांनीही लावावी, लाज सोडून तपासणी करून घ्यावी, असं अश्लेषाचं म्हणणं. बाईंना ते पटलं. घोडं अडलं ते रंगावर.

नवरात्रात कुठल्या दिवशी कुठला रंग नेसायचा हे पेपरात छापून येतं, आणि एकदा छापून आलं की स्नेहदीपमधल्या बायका त्यात तसूभर बदल करत नाहीत. यंदा गुलाबी होता आठव्या माळेला. "पिवळ्या साडीवर गुलाबी रिबीन?" तळमजल्यावरची ऋतिका म्हणाली. "काकू, फोटोत कसं दिसेल ते!" झालं, बायकांनी एकमताने ठरवलं, ज्या दिवसाचा जो रंग त्याच रंगाची रिबीन लावायची.

वसुंधराबाईंनी कपाळावर हात मारला. "अगं, रिबीन आहे ती, मॅचिंग करायला ब्लाऊजपीस नव्हे! प्रत्येक रंगाला अर्थ असतो. पिवळी हाडांच्या कॅन्सरची, केशरी रक्ताच्या, पांढरी फुफ्फुसाच्या. मॅचिंगच्या नादात कुठला आजार छातीवर मिरवाल, पत्ता लागायचा नाही." एवढं तणतणून त्या मध्येच थांबल्या आणि त्यांचे डोळे चमकले. "बरं, मिरवाच. पण रोज आरतीनंतर आज काय लावलंय ते मी सांगणार. ऐकल्याशिवाय कुणाला प्रसाद नाही."

आणि बाईंनी ते करून दाखवलं. बायका पहिल्या दिवशी प्रसादासाठी थांबल्या, दुसऱ्या दिवसापासून बाईंसाठी थांबू लागल्या. हिरव्याला त्यांनी मनाचे आजार सांगितले. राखाडीला मेंदूच्या गाठीबद्दल बोलल्या, तर सगळ्या पांगल्यावर ऋतिका हळूच आली. "काकू, अजून एक मिळेल? माझा भाऊ गेला यात. इथे कुणाला माहीत नाही. त्याच्या फोटोला लावीन म्हणते." फोटोत कसं दिसेल म्हणणारी हीच मुलगी. बाईंनी तिला पोटाशी धरलं. लाल रिबिनीला मात्र सगळ्यांनी नाकं मुरडली. एड्सची खूण म्हणजे लोक काय म्हणतील! बाईंनी पहिली स्वतःला टोचली आणि ठणकावून सांगितलं, "आजाराला लाज नसते. लाज आपण घालतो त्याच्या अंगावर."

गेटवरचा सेबेस्टियन खुर्चीतून हे सगळं ऐकायचा. अर्नाळ्याचा माणूस, गुडघे गेले म्हणून होडी सोडून वॉचमनकीला लागलेला. एकदा म्हणाला, "आमच्यात मानूस गेला का काली पट्टी लावतात शर्टाला, वरीसभर. तुमी मानूस जिता असतानाच लावता. बरं करता बाय."

बाईंना ते फार आवडलं. आवडलं आणि लागलंही.

कारण एवढ्या धिटाईच्या या बाईंनी दोन वर्षं एक गोष्ट दाबून ठेवली होती. त्यांचे यजमान विलासराव विसरत चालले होते. चष्मा, छत्री तर आपण सगळेच विसरतो. विलासराव चपला फ्रीजमध्ये ठेवत, जेवून उठल्यावर जेवायला मागत, आणि कधी कधी बायकोकडे बघून अगदी अदबीने विचारत, "आपण कोणाकडे आलात?" वसईच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं आणि बजावलं, शेजाऱ्यांना सांगा, वॉचमनला सांगा, हे कधीतरी घर सोडून चालू लागतील. बाई "बघू" म्हणाल्या आणि सोसायटीत सांगितलं की ह्यांना हल्ली ऐकू कमी येतं.

स्वतःची गाठ सांगताना त्यांना काही वाटलं नव्हतं. पण विलासराव सोसायटीचे वर्षानुवर्षांचे सेक्रेटरी. पाण्याची लाईन त्यांनी महापालिकेत खेटे घालून आणलेली, भांडणं त्यांनी मिटवलेली. आजही ते जिन्यात दिसले की माणसं बाजूला होऊन वाट देत. त्या माणसाला उद्या कुणी वेडा म्हटलं, त्याच्याकडे बघून कुणी हसलं, तर? बाईंना ते सोसणार नव्हतं. म्हणून आरतीला उतरताना त्या बाहेरून कडी लावत. आत विलासराव टीव्हीसमोर बसलेले असत, आणि खाली बाई माईकवरून सांगत असत की आजार लपवू नका.

गुलाबी दिवस दणक्यात झाला. बाई आपली स्वतःची गोष्ट सांगत होत्या, बायका हसतही होत्या आणि डोळेही पुसत होत्या. तपासणीला कधीही न गेलेल्या कितीतरी जणींनी नावं दिली. बाई घरी आल्या त्या नुसत्या तरंगत. दुसऱ्या दिवशी शेवटची माळ होती आणि रंग होता जांभळा.

जांभळी रिबीन विसरण्याच्या आजाराची. दिवसभर बाईंच्या डोक्यात तेच. साडीच्या निऱ्या तीनदा चुकल्या. खालून अश्लेषा हाका मारत होती, त्या घाईघाईने उतरल्या. आरती झाली, माईक हातात आला आणि बाईंनी सांगितलं, "जांभळी म्हणजे स्वादुपिंडाच्या कॅन्सरची." तेही खरंच होतं, पण अर्धं.

"काकू, अल्झायमरची पण हीच असते ना?" अश्लेषाने विचारलं.

"असते," बाई म्हणाल्या. "चला, प्रसाद वाटा."

त्यांच्या बोलण्यात रोजचा ठसका नव्हता, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही. बाई प्रसादाची वाटी घेऊन वर गेल्या, तर दार सताड उघडं. निऱ्यांच्या गडबडीत कडी लावायचीच राहिली होती. टीव्ही चालू, पंखा चालू, खुर्ची रिकामी. स्वयंपाकघर, न्हाणीघर, गच्ची, सगळं बघून त्या धापा टाकत गेटवर आल्या.

"साएब ना? गेले ना भायेर," सेबेस्टियन म्हणाला. "मीच गेट खोलला. सलाम पन केला त्यांना."

 बाहेर रिक्षा, टेम्पो, दिव्यांची गर्दी, आणि त्यात आपलं घर कुठलं हे माहीत नसलेला त्यांचा नवरा. सेबेस्टियनची काय चूक? ज्या मानाला धक्का लागू नये म्हणून त्यांनी दोन वर्षं जिवाचा आटापिटा केला, त्याच मानाने गेट उघडून दिलं होतं. तरीही क्षणभर त्यांना वाटलं, एकटीनेच शोधावं, कुणाला कळायलाही नको. मग त्यांना स्वतःचाच असा काही राग आला की त्या तरातरा मांडवात गेल्या आणि माईक ओढून घेतला.

"ऐका! मघाशी मी अर्धं सांगितलं. जांभळी रिबीन विसरण्याच्या आजाराची आहे आणि तो आजार माझ्या नवऱ्याला झालाय. ऐकू येतं त्यांना, चांगलं ऐकू येतं. मी खोटं बोलले. आता ते बाहेर गेलेत आणि त्यांना घर सापडणार नाही. मला मदत करा."

मांडवात कुणी हसलं नाही. अश्लेषाने पायात चप्पल सरकवली. "काय करायचं ते सांगा काकू."

हा प्रश्न कानावर पडला आणि बाई पुन्हा बाई झाल्या. "घर कुठे म्हणून विचारू नका, घाबरतात. हात धरून ओढू नका. सरळ म्हणा, सेक्रेटरी साहेब, मीटिंग आहे, चला. त्याला ते कधी नाही म्हणत नाहीत." जांभळ्या साड्या मनवेलपाड्याच्या गल्ल्यागल्ल्यांतून पांगल्या. सेबेस्टियन दुखरे गुडघे घेऊन रिक्षा स्टँडकडे धावला.

विलासराव सापडले तीन गल्ल्या पलीकडच्या सोसायटीच्या नवरात्राच्या कार्यक्रमात. पांढराशुभ्र शर्ट, खिशाला पेन आणि चालण्यातला रुबाब पाहून तिथल्या मंडळींनी त्यांना प्रमुख पाहुणे समजून पहिल्या रांगेत बसवलं होतं. शाल आणि नारळही दिला होता. साहेबांनी चार शब्द बोलून पाण्याचा प्रश्न मार्गी लावायचं वचन दिलं होतं आणि टाळ्या घेतल्या होत्या. खरे पाहुणे यायच्या आत अश्लेषाने त्यांना गाठलं. "सेक्रेटरी साहेब, मीटिंग आहे." विलासराव लगेच उठले. "आधी कळवायला काय होतं?" ते म्हणाले.

त्यांना गेटातून शाल पांघरून येताना पाहिलं आणि वसुंधराबाई सगळ्यांसमोर हमसून रडल्या. मग तशाच हसल्या. "दसरा उद्या आहे हो! तुम्ही आजच सीमोल्लंघन करून आलात!"

विलासराव त्यांच्याकडे बघत राहिले. मग त्यांचं लक्ष बाईंच्या रिबिनीकडे गेलं. "हे कशाचं?"

आजवर बाईंनी हे त्यांनाही सांगितलं नव्हतं. त्यांनी सावकाश सांगितलं, "विसरण्याच्या आजाराची खूण आहे."

"कोण विसरतं?"

"तुम्ही."

विलासरावांनी खांद्यावरची शाल नीट केली.  मग त्यांनी नारळ बाईंच्या हातात दिला आणि म्हणाले, "तरीच. मला वाटायचं, मलाच असं होतं. खूण आहे म्हणजे बऱ्याच जणांना होत असणार." आणि त्यांनी छाती पुढे केली. बाईंनी आपली रिबीन काढून त्यांच्या खिशाला टोचली, पेनाच्या शेजारी.

दसऱ्याच्या दिवशी सकाळी बाईंनी दाराची कडी लावली नाही. दाराला तोरण बांधून झाल्यावर त्या गॅलरीत उभ्या राहिल्या. खाली विलासराव नवा शर्ट घालून ताठ चालत गेटकडे निघाले होते. बाईंचा हात कठड्यावर घट्ट आवळला, पण त्या जागच्या हलल्या नाहीत.

सेबेस्टियन उभा राहिला. त्याच्या खाकी शर्टावर जांभळी रिबीन होती. त्याने नेहमीसारखा कडक सलाम ठोकला, पण आज गेट उघडलं नाही. केबिनमधून दुसरी खुर्ची आणून आपल्या खुर्चीशेजारी मांडली.

"या साएब," तो म्हणाला, "तुमचीच वाट बगतो. मीटिंग चालू करू या."

विलासराव बसले. खिशातलं पेन काढून त्यांनी टोपण उघडलं. वर गॅलरीत बाईंनी कठडा सोडला आणि तिघांसाठी चहाचं आधण ठेवायला आत गेल्या.