तीन दारांचा फ्रिज

मंजूषा नवऱ्याच्या मागोमाग पुण्याहून नेदरलँड्सला आली, तेव्हा फ्रिजच्या दारांवरून आपल्याला कुणाशी हुज्जत घालावी लागेल असं तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं. ब्रेडा शहरातल्या एका छोट्या कंपनीत ती आयातीचं काम बघायची. २००६ चा वसंत होता. कोरियाहून फार स्वस्तात माल येतो म्हणून युरोपने शेजारी-शेजारी दारं असलेल्या मोठ्या फ्रिजांवर नुकताच जादा कर बसवला होता, आणि नेमका तेव्हाच तिचा माल रॉटरडॅमच्या बंदरात येऊन पडला. वर कपाटासारखी दोन दारं, खाली फ्रीझरचं तिसरं.

"दोन दारं शेजारी आहेत. कर लागणार," कस्टम्सच्या बाई फोनवर म्हणाल्या.

"अहो, पण त्या दोन्हींच्या आत एकच कप्पा आहे! कर ज्या फ्रिजांवर आहे, त्यांत एका दाराआड फ्रिज असतो आणि दुसऱ्याआड फ्रीझर."

"नियमात फक्त दारं लिहिलीत. आतलं काही नाही."

मंजूषाने फोटो पाठवले, कोरियाहून फ्रिजची रेखाचित्रं मागवली. शेवटी स्वतः बंदरावर जाऊन तिने एक खोकं फोडायला लावलं आणि बाईंसमोर तिन्ही दारं सताड उघडली. बाईंनी वाकून आत पाहिलं.

"मला पटतंय तुमचं," त्या म्हणाल्या. "पण मला पटून काय उपयोग? वरून लेखी उत्तर यायला हवं."

उत्तर काही येईना. इकडे हे फ्रिज मागवणारा, नायमेखन शहरातला केस नावाचा दुकानदार रोज फोन करायचा. त्याचं नवं दुकान उन्हाळ्याआधी उघडायचं होतं. "मंजूषा, दुकानाच्या दर्शनी काचेत काय ठेवू मी? तुझ्या ईमेल?"

तिचा साहेब हेंक आधीच वैतागला होता. "कर भरून सोडवले तर त्या वाढलेल्या भावात घेणार कोण?" एके दिवशी तिला न विचारताच त्याने सगळे फ्रिज नॉर्वेच्या एका व्यापाऱ्याला विकून टाकले. तिथे हा कर नव्हता.

पानगळ सुरू झाली तेव्हा उत्तर आलं. या फ्रिजांना जादा कर लागू नाही.

हेंकने केक आणला. "तू म्हणत होतीस तेच खरं निघालं! आता केसला फोन कर, पुढचा माल मागवू."

तिने लगेच फोन केला. "उशीर झाला गं," केस म्हणाला. "मी इटालियन फ्रिज घेतले. चांगले खपतायत."

तिने रिसीव्हर आदळला. हेंक केकची बशी घेऊन समोर उभा होता.

"काय म्हणाला?"

"माल तू नॉर्वेला विकलास, आता तूच विचार त्याला," मंजूषा म्हणाली. "मी आज कुणालाही फ्रिज विकणार नाही." कोट उचलून ती ऑफिसबाहेर पडली. सायकलचं कुलूप रागारागाने उघडून तिने घरची वाट धरली.